मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये: इंग्लंडातल्या फूड बँकेत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दर सप्टेंबरात आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर नवीन आलेलं कुणीतरी विचारतं, "ताई, तुम्ही त्या फूड बँकेत जाता ना, तिथं मदतीला यायचं असेल तर काय करावं लागतं?" पाच मिनिटांनी दुसरा प्रश्न येतो, तो मात्र गटावर न येता माझ्या एकटीच्या नंबरवर: "चर्चमध्ये असतं म्हणे. आपल्याला चालतं का?" फूड बँक म्हणजे अडचणीतल्या माणसांना फुकट शिधा देणारी जागा. दोन्हींची उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. चालतं. मी मिरजेची. माझा जन्म तिथल्या मिशन हॉस्पिटलातला, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या. घरात गणपती बसायचा आणि बाळंतपणं मिशनमध्ये व्हायची, यात आमच्या आजीला काही वावगं दिसलं नाही. मिशन म्हणजे गोऱ्या माणसांनी समुद्र ओलांडून आपल्याकडे यायचं आणि आपण रांगेत उभं राहायचं, एवढंच मला ठाऊक होतं. समुद्र ओलांडून मी त्यांच्याकडे येईन आणि रांगेत त्यांची माणसं असतील, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

त्यांच्याही नव्हतं आलं. इथल्या बऱ्याच फूड बँका ट्रसेल नावाच्या संस्थेच्या जाळ्यात आहेत. सॉल्झबरी गावातल्या पॅडी आणि कॅरोल हेंडरसन या नवराबायकोनं १९९७ साली ती काढली, कॅरोलच्या आईनं मागं ठेवलेल्या पैशातून. त्या आईचं आडनाव ट्रसेल. काम होतं परदेशात. बल्गेरियात सोफियाच्या रेल्वे स्टेशनावर झोपणाऱ्या मुलांसाठी. मग २००० साली त्यांच्याच गावातल्या एका बाईचा फोन आला: माझी मुलं आज रात्री उपाशी झोपणार आहेत, त्याचं तुम्ही काय करणार? पॅडींनी घरामागच्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये डबे साठवायला सुरुवात केली. २००४ पासून गावोगावच्या चर्चनी तोच नमुना उचलला. २०२४-२५ या वर्षात या जाळ्यातून सुमारे २९ लाख पार्सलं गेली. चर्चशी संबंध नसलेल्या, स्वतंत्र फूड बँकाही पुष्कळ आहेत, आणि गुरुद्वाऱ्यातला लंगर तर आहेच. पण लंगरात शिजवलेलं ताट मिळतं; इथं मिळतो तो कोरडा शिधा. हा फरक डोक्यात ठेवलात की पुढचं सगळं सोपं जाईल.

जाण्याआधी

व्हिसा बघा. स्किल्ड वर्कर किंवा त्याचा डिपेंडंट असाल तर अडचण नाही. विद्यार्थ्यांनी जरा जपून. इथं 'व्हॉलंटियरिंग' आणि 'व्हॉलंटरी वर्क' या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. दुसरीत ठरावीक तास आणि करारासारखं बंधन असतं, आणि ते तास तुमच्या आठवड्याच्या २० तासांत धरले जातात. फूड बँकेतली मदत साधारण पहिल्या प्रकारात बसते, तरी विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयाला एक ईमेल टाकून उत्तर जपून ठेवा. आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील आणि घरात बसून कंटाळले असतील तर तेही येऊ शकतात: नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, सगळे मिळून ३० दिवसांपर्यंत. माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्यांचं पुढे सांगते.

मग गावाचं नाव आणि 'फूड बँक' एवढं शोधा, संकेतस्थळावर अर्ज असतो. दोन माणसांची नावं द्यावी लागतात, नातेवाईक सोडून. नवीन असाल तर पुण्यातल्या जुन्या साहेबांचा ईमेल पत्ता द्या, आमच्याकडे चालला आहे. पोलिस पडताळणीसारखी एक तपासणी असते, पण ती सगळ्या कामांना लागत नाही. डबे लावणाऱ्याला सहसा नाहीच.

अर्ज न करता थेट वाटपाच्या वेळी दारात जाऊन उभं राहू नका. मी राहिले होते. दारातल्या आजींनी हसून आत घेतलं, खुर्ची दिली, चहा आणला, बिस्किटांची बशी पुढे केली आणि हळूच विचारलं, "व्हाउचर आणलंय का गं?" व्हाउचर म्हणजे शिधा मिळण्याची चिठ्ठी. त्यांना वाटलं मी शिधा न्यायला आलेय. मला बोलता येईना. मी कामाला आलेय हे सांगायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत आजूबाजूच्या टेबलांवरचं कुणी माझ्याकडे बघू नये असं मला फार वाटत होतं. इथं काय करायचं आणि काय नाही, हे मी नंतरच्या प्रशिक्षणापेक्षा त्या खुर्चीतच जास्त शिकले.

सव्वानऊ: वजन आणि तारखा

हॉल थंड असतो. चर्चचे जुने हॉल उंच छताचे, हीटर घड्याळावर लावलेला, आणि ते घड्याळ कुणीतरी फार काटकसरी माणसानं लावलेलं. दोन थर घाला, वरचा काढता येईल असा. पायात बंद बूट हवेत, टोमॅटोच्या डब्यांचा क्रेट पायावर पडला की सँडल आठवते. दागिने, मोठी पर्स घरी. छातीवर नावाचा बिल्ला लावतात, त्यावर फक्त पहिलं नाव. ऐंशी वर्षांच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारताना पहिले काही आठवडे घशात काहीतरी अडकतं. 'आंटी' म्हणू नका, त्यांना कळत नाही आपण कुणाची आंटी झालो.

सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या दानपेट्या, शाळा, इतर चर्च, यांच्याकडून आलेल्या पिशव्या आधी काट्यावर जातात. आत आलेला प्रत्येक किलो लिहायचा, बाहेर गेलेलाही. मग वर्गवारी: कडधान्यं एका बाजूला, सूप दुसऱ्या, भाज्या, फळं, मासे, मांस, पास्ता, भात, दूध, चहा. प्रत्येक डब्यावरची तारीख शोधून त्या महिन्याच्या क्रेटमध्ये टाकायचा. लवकर संपणारं पुढे, उशिरा संपणारं मागे. वाणी दुकान लावतो तसंच.

दोन तारखांतला फरक मात्र पहिल्याच दिवशी पाठ करा. 'बेस्ट बिफोर' म्हणजे चव आणि दर्जाची तारीख, ती उलटली म्हणून माल खराब होत नाही. कायद्यानं तो देता येतो. किती दिवस मागं जायचं हे प्रत्येक फूड बँक ठरवते आणि ती यादी बहुधा भिंतीवर चिकटवलेली असते. 'यूज बाय' म्हणजे सुरक्षिततेची तारीख. ती उलटली की कचऱ्यात, तिथं हळहळायचं नाही. अन्न टाकताना आपला हात थांबतो, मला माहीत आहे. तरी टाका.

घरी केलेलं काहीही चालत नाही. दिवाळीत चकल्यांचा डबा जरूर आणा, तो मागच्या खोलीत स्वयंसेवकांच्या चहाबरोबर दहा मिनिटांत संपतो, पण पार्सलात एकही चकली जाणार नाही. दारूही नाही, आणि नाताळात चॉकलेटच्या खोक्यांत लपून आलेल्या रमच्या बाटुकल्या शोधणं हा डिसेंबरातला एक उद्योगच असतो.

आता डाळीबद्दल. आपण मराठी माणसं दान म्हटलं की डाळ-तांदूळ नेतो. मी पहिल्याच महिन्यात पाच किलो तूरडाळ नेऊन दिली. कित्येक महिने ती फडताळावर बसून राहिली आणि दर मंगळवारी मी तिच्याकडे बघायचं टाळत राहिले. इथल्या कित्येक गरीब घरांत गॅस-वीज प्रीपेमेंट मीटरवर असते: आधी दुकानात जाऊन पैसे भरायचे, संपले की घरात अंधार. ज्याच्या मीटरवर दोन पौंड उरलेत, घरात कुकर नाही, तो तूरडाळ शिजवत बसेल का? त्यापेक्षा शिजवून डबाबंद केलेले हरभरे, राजमा, चिरलेले टोमॅटो, दीड मिनिटात मायक्रोवेव्हमध्ये होणारा भात आणा. डाळच द्यायची तर मसूर, पटकन शिजणारी. आणि डबा ओढून उघडण्याची कडी असलेला बघा. डबा फोडायचं यंत्र सगळ्यांकडे नसतं.

पार्सल भरणं

प्रत्येक पार्सल यादीप्रमाणे भरायचं. एकटा माणूस, जोडपं, लहान कुटुंब, मोठं कुटुंब, अशा वेगवेगळ्या याद्या असतात. किमान तीन दिवसांचं जेवण समतोल व्हावं असा त्यांचा हिशोब आहे: सकाळचं सिरीयल, न नासणारं दूध, सूप, बीन्स, भाज्या, फळं, पास्ता किंवा भात, त्यावरचा सॉस, मांस किंवा मासे, चहा, साखर, जॅम, बिस्किटं. मन मोठं करून यादीबाहेरचं कोंबू नका. एक तर मागून येणाऱ्याला कमी पडतं. दुसरं म्हणजे या पिशव्या घेऊन लोक बसनं जातात, कडेवर मूल घेऊन.

ज्यांच्याकडे चूल नाही, हॉस्टेलच्या खोलीत फक्त पाणी गरम करायची किटली आहे, त्यांच्यासाठी वेगळी 'किटली पेटी' असते: कपात गरम पाणी ओतून होणारं सूप, नूडल्स, इन्स्टंट ओट्स. सॅनिटरी पॅड, डायपर, टॉयलेट पेपर, भांड्यांचा साबण हे यादीत नसलं तरी शेजारच्या टेबलावर असतं. आठवणीनं विचारा, कारण माणसं ते स्वतःहून मागत नाहीत. बाळाच्या दुधाची पावडर कुणी मागितली तर स्वतःच्या मनानं देऊ नका, प्रमुखांना हाक मारा.

प्रार्थना

अकराला दार उघडायचं असतं. पावणेअकराला हॉलच्या मध्यभागी सगळे गोल करून उभे राहतात आणि कुणीतरी दोन मिनिटं प्रार्थना म्हणतं. साधी असते, आज येणाऱ्यांना लाज वाटू नये, डबे पुरावेत, अशी. मी डोकं खाली घालून उभी राहते. आमच्यातला एक निरीश्वरवादी गृहस्थ नेमका त्याच वेळी किटल्या भरायला आत जातो आणि 'आमेन' ऐकू आलं की चहा घेऊन बाहेर येतो. कुणी त्याला काही म्हणत नाही. तुम्हाला जे झेपेल ते करा.

येणाऱ्या माणसांना धर्मोपदेश करायचा नाही, हा नियम पक्का आहे. शिधा घेण्यासाठी प्रार्थनेला बसावं लागत नाही, धर्म विचारला जात नाही. कुणी स्वतःहून "माझ्यासाठी प्रार्थना कराल का?" म्हटलं तर चर्चमधलं कुणीतरी कोपऱ्यात त्यांच्यापाशी बसतं. तुम्हालाच विचारलं तर गोंधळून जाऊ नका, "थांबा, बोलावते" म्हणा. एकदा एका म्हाताऱ्या बाईनं मात्र माझाच हात धरून ठेवला, सोडेचना. मी मनातल्या मनात मला येत होतं ते म्हटलं. मराठीत.

अकरा ते एक

येणारा माणूस हातात व्हाउचर घेऊन येतो, कागदी किंवा फोनवरचा आकडा. ते डॉक्टर, शाळा, सोशल वर्कर, सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला केंद्रासारख्या ठिकाणांहून मिळतं. म्हणजे त्याची अडचण खरी की खोटी ही चौकशी आधीच झालेली आहे. ती पुन्हा तुम्ही करायची नाही. "काय झालं?" हा प्रश्न कितीही मायेनं विचारला तरी इथं चुकीचा. सरकारी मदतीचा पहिला हप्ता यायला पाच आठवडे लागतात, एवढ्यानंही माणूस इथवर येतो. नर्सेस येतात, ड्रायव्हर येतात, शाळेत स्वयंपाक करणारी बाई येते.

नव्या माणसाला बहुतेक वेळा चहाच्या टेबलावर बसवतात, आणि ते काम डब्यांपेक्षा अवघड आहे. माझा क्रम असा. हसून नाव सांगायचं. चहा की कॉफी, साखर किती, हे विचारायचं. साखर किती हा प्रश्न फार कामाचा. त्या दिवसभरात त्या माणसाला आवडनिवड विचारणारे कदाचित तुम्ही पहिलेच. मग हवा. इंग्लंडात हवेवर अर्धा तास बोलता येतं आणि कुणालाही उघडं पडावं लागत नाही. मग यादी पुढे ठेवून: काही खात नाही असं आहे का? ॲलर्जी? घरी शिजवायची सोय? नाव किंवा कपडे पाहून तर्क करू नका. हिजाब घातलेल्या बाईच्या पिशवीतून मी न विचारता मांस-माशांचे डबे काढून टाकले आणि ती म्हणाली, "मी फक्त डुक्कर खात नाही गं, ट्यूना का काढलास?"

पिशवीतलं एखादं काही नको असेल तर तिथंच परत घ्या, चेहऱ्यावर काही न आणता. "फुकट मिळतंय तरी नखरे" ही ओळ आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेली आहे, ती दाराबाहेर ठेवून या. नको ते परत देता येणं, हे त्या हॉलमधलं माणसाच्या हातातलं एकमेव काम असतं.

आभारांची वाट बघू नका. काही जण खाली मान घालून पिशव्या उचलतात आणि निघून जातात. काही चिडतात, रांग लांबली म्हणून, कॉफी संपली म्हणून. मला पहिल्या वर्षी याचं फार लागायचं. आपल्याकडे अन्नदान म्हटलं की पंगतीत वाढणाऱ्याचा एक मान असतो, पुण्याचा हिशोब असतो, देणगीदाराचा फ्लेक्स असतो. इथं तुम्ही नावाच्या बिल्ल्यावर एक शब्द आहात. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आपण म्हणतो. आमच्या हॉलमधल्या आजींना ते वाक्य येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं म्हणून माहीत आहे. फोटो तर अजिबात नाही. स्वतःचाही नाही, मागे कोण दिसेल सांगता येत नाही.

आणि ओळखीचं कुणी आलं तर?

माझ्याकडे आलं. जिल्हा सांगत नाही. पंचविशीच्या आतला मुलगा, हातात विद्यापीठातून मिळालेलं व्हाउचर. त्यानं माझा बिल्ला वाचला आणि नजर खाली घातली. मी इंग्रजीतच बोलले. चहा, साखर दोन चमचे, बाहेरचा पाऊस, यादी. त्यालाही इंग्रजीचा आडोसा बरा वाटत होता. पिशव्या भरून आल्या, तो उठला, दोन पावलं गेला आणि वळून अगदी हळू म्हणाला, "काकू, तिखट काही असतं का हो?"

मसाल्याच्या कप्प्यात करी पावडरची एक पुडी होती. ती देताना मलाच लाज वाटली. पुढच्या मंगळवारपासून मी कांदा-लसूण मसाल्याच्या बंद पुड्या घेऊन यायला लागले, दुकानातल्या, लेबल आणि तारीख असलेल्या. त्या डाळीसारख्या पडून राहत नाहीत.

हे वाचणाऱ्यांत कुणी त्या मुलासारखं असेल तर एवढं ऐका. आपल्या व्हिसावर सरकारी भत्ते घ्यायला मनाई असते, पण फूड बँकेचा शिधा त्या भत्त्यांत मोडत नाही. व्हिसावर त्याचा काही परिणाम होत नाही. विद्यापीठाच्या विद्यार्थी मदत कक्षात जा आणि व्हाउचर मागा. टेबलापलीकडे मी असले तर मी तुम्हाला ओळखणार नाही.

एकनंतर

दार लावायचं, टेबलं पुसायची, क्रेट परत चढवायचे. वाकताना गुडघ्यात वाका, कमरेत नको. व्हाउचर संगणकात नोंदवायची. प्रमुख सगळ्यांना पाच मिनिटं बसवतात आणि विचारतात, कुणाच्या मनात काही राहिलंय का. राहिलं असेल तर तिथंच बोला. घरी नवऱ्याजवळ, मैत्रिणीजवळ कुणाचं नाव-गाव काढायचं नाही. गाव लहान असतं, आणि मराठी गाव तर फारच लहान.

कधी सुरू करावं? सप्टेंबर-ऑक्टोबरात हार्वेस्ट फेस्टिव्हल असतो, सुगीचा सण म्हणा. शाळा आणि चर्च डब्यांचे डोंगर पाठवतात आणि लावायला हात कमी पडतात. डिसेंबरात स्वयंसेवकांची गर्दी उसळते, एकाच दिवसासाठी, मिन्स पाय या नाताळच्या गोड पदार्थासकट. खरी ओढाताण असते जानेवारीत, आणि ऑगस्टमध्ये, जेव्हा शाळा बंद असतात आणि मुलांचं शाळेतलं फुकट जेवण थांबतं. तेव्हा या. दर आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याला या, पण सांगितल्या दिवशी या. येतो म्हणून न येणारा माणूस न आलेल्यापेक्षा महागात पडतो, कारण त्याच्या भरवशावर टेबल मांडलेलं असतं.

सासूबाईंचं राहिलं. त्या आल्या त्या वर्षी नियमात बसवून मंगळवार-मंगळवार माझ्याबरोबर यायच्या. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांना तारखांच्या टेबलावर बसवलं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळे डबे हातभर लांब धरून पाहिले आणि एकही तारीख वाचता आली नाही. या तारखा डब्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, चकचकीत पत्र्यावर छापलेल्या असतात. जवळचा चष्मा लागत असेल तर तो घेऊनच या.